कापसाच्या बंड्यांमागची मोटार

दिवाळी उलटली की आमच्या अकोल्याच्या हवेला रुईचा वास येतो. विजेच्या तारांवर, बाभळीच्या काट्यांत, सायकलच्या साखळीत, जिथे जागा मिळेल तिथे कापसाचे पुंजके चिकटून बसतात. जिनिंग कारखान्याच्या दारापुढे ट्रॅक्टरची रांग लागते आणि ती वाढत वाढत माझ्या गॅरेजच्या तोंडापर्यंत येते. गिऱ्हाइकाला आत शिरायला जागा उरत नाही. माझा मुलगा चिडतो. मी चिडत नाही. मी खुर्ची बाहेर टाकतो आणि ऐकत बसतो. ट्रॅक्टर थांबतो, जागच्या जागी डुगडुगतो, हातभर पुढे सरकतो, पुन्हा थांबतो. माझं सगळं आयुष्य ह्या आवाजावर उभं आहे असं मी एकदा म्हणालो तर सून तोंडाला पदर लावून हसली. हसू दे. पण ते खरं आहे.

साठ सालाच्या आसपासचा तो हंगाम. तेव्हा आम्ही अमरावतीला राहायचो. माझे वडील, नाना, दिवाणी वकील. त्यांचे वडील वकील, थोरले भाऊ वकील. आमच्या घरी पाळण्यातलं पोर रडलं तरी ते हरकत नोंदवतंय असंच लोक समजत असावेत. मीही वकिलीची परीक्षा पास झालो होतो, सनद घ्यायची तेवढी बाकी होती. नानांनी माझ्या मापाचा काळा कोट शिवून आणला होता. तो माजघरातल्या खुंटीवर टांगलेला असायचा. जेवायला बसलो की तो बरोबर माझ्या समोर यायचा, आणि मी पाट फिरवून घ्यायचो.

कारण मी दिवसभर अंगणात पुंडलिकबरोबर मोटार जोडत असायचो.

पुंडलिक माझा कॉलेजातला दोस्त, वलगावचा. घरची काळी जमीन, दावणीला बैल, आणि त्या बैलांत एक जोडी खास शंकरपटाची. वऱ्हाडात पट म्हणजे काय हे वऱ्हाडाबाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. हलक्या छकड्याला जुंपलेले बैल, आखलेली सरळ धाव, दोन्ही बाजूंना गर्दी, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं आटपलेलं. त्या एवढ्याशा धावेसाठी लोक वर्षभर बैलाला जपतात. पुंडलिक त्या घरात वाढला होता. त्याला हलकं आणि वेगवान ते सगळं आवडायचं. आमची मोटारही आम्ही हलकी करायला घेतली होती. इंग्लंडात म्हणे लोक घरबसल्या मोटार जोडतात, सगळे भाग पेटीतून दारात येऊन पडतात, असं आम्ही वाचनालयातल्या एका मासिकात पाहिलं होतं. आमच्याकडे पेटी कुठली येणार! आमची पेटी म्हणजे भंगाराचे ढीग. एका जुन्या छोट्या विलायती मोटारीचा सांगाडा आणि इंजिन मिळालं, लष्कराच्या मोडीतले ॲल्युमिनियमचे पत्रे मिळाले, मेळघाटच्या सागाच्या पट्ट्या मिळाल्या. वजन इतकं कमी की पुढचं चाक बदलायचं असलं तर जॅक शोधण्यापेक्षा पुंडलिक ती उचलून धरायचा. आई तिला टोळ म्हणायची. नाना म्हणायचे, तुझा तो सांगाडा.

एक दिवस नाना कोर्टातून आले, ओट्यावर टेकले आणि त्यांनी टोळाकडे बोट दाखवलं.

"हे चालणार आहे का कधी?"

"चालणार, नाना."

"मग ऐक. अकोल्याच्या कोर्टात माझं एक काम निघालं आहे. संक्रांतीनंतर तारीख आहे. मी रेल्वेनं जाणार नाही, तुझ्या सांगाड्यातून जाईन. पुकारा व्हायच्या आत मी कोर्टात उभा राहिलो, तर त्या कोटाचं नाव पुन्हा काढणार नाही. नाही पोचलो, तर तू दुसऱ्या दिवशी तो कोट घालायचा. कबूल?"

आई दारातून म्हणाली, "अहो, पक्षकाराचं काय? पोराच्या खेळापायी त्याचं नुकसान व्हायचं."

"म्हणूनच तर," नाना म्हणाले. "माझंही काही पणाला लागलं पाहिजे. नाहीतर त्याला वाटेल मी गंमत करून राहिलो."

आजही मला ह्या वाक्याचं अप्रूप वाटतं. त्यांना मला हरवायचंच असतं तर नुसतं 'नाही' म्हणून भागलं असतं. मी कबूल म्हणालो. त्या दिवसापासून संक्रांतीकडे माझं जेवढं लक्ष होतं तेवढं तिळगुळावर टपलेल्या पोरांचंही नसेल.

अडचण एकच होती आणि ती इंजिनाच्या पोटात होती. इंजिनात कॅमशाफ्ट नावाची एक लोखंडी काठी असते. तिच्या अंगावर ठरावीक अंतरानं उंचवटे असतात. काठी फिरली की ते उंचवटे झडपा वर ढकलतात, झडपा उघडतात, इंजिन श्वास आत घेतं आणि धूर बाहेर टाकतं. झडप किती उघडेल आणि किती वेळ उघडी राहील हे सगळं त्या उंचवट्यांच्या आकारावर. आमच्या इंजिनातल्या काठीचा एक उंचवटा झिजून पार सपाट झाला होता. त्यामुळे एक सिलिंडर नुसता बसून खायचा. पुंडलिकनं तो उंचवटा बोटानं चाचपला आणि म्हणाला, "अबे वश्या, याचं तं वशिंडच गेलं!" बैलाच्या खांद्यावरचा उंचवटा तो वशिंड. तेव्हापासून आम्ही दोघांनी कॅमशाफ्टच्या उंचवट्याला दुसरं नाव दिलंच नाही. माझ्या गॅरेजातली पोरं अजूनही वशिंडच म्हणतात.

पुंडलिकचे मामा मुंबईला गिरणीत होते. तो त्यांच्याकडे गेला आणि भायखळ्याच्या एका भंगारवाल्याकडून त्याच जातीच्या इंजिनाचे दोन कॅमशाफ्ट घेऊन आला. एक कुणा साहेबाच्या शर्यतीच्या गाडीतला. दुसरा त्याच कंपनीच्या फिरायच्या गाडीतला. ती एक मेमसाहेब चालवायची म्हणे. आम्ही दोन्ही ओट्यावर पोत्यावर मांडले.

काय दृश्य होतं ते! शर्यतीचा कॅमशाफ्ट पाहिला आणि आमचे डोळेच फाटले. उंच, रुंद, भरलेली वशिंडं. पुंडलिक बैलबाजारात बसतात तसा उकिडवा बसला, मान तिरपी केली आणि एकेका वशिंडावरून हात फिरवू लागला. मीही त्याच्या शेजारी तसाच बसलो. मेमसाहेबाचा कॅमशाफ्ट आमच्या जुन्यापेक्षा थोडासा उंच होता, पण अंगानं सडपातळ. त्याच्याकडे आम्ही धड बघितलंही नाही.

"हे पाय, हे," पुंडलिक म्हणाला. "हा पटाचा. याच्यापुढे आगगाडीबी उभी रायन."

"आणि तो?"

"थो मेमसायबाचा? त्याले पाटा-वरवंट्याजवळ ठेव."

आईनं तो खरंच आत नेला. पण वरवंट्याजवळ नाही ठेवला. आम्ही पटाच्या कॅमशाफ्टला तेल चोळत होतो तेव्हा ती वाटीत तिळाचं तेल घेऊन आली आणि दुसऱ्याला चोळत बसली. "दोघं एकाच पोत्यातून आले, मग याच्यावरच अन्याय काहून?" एवढंच म्हणाली. मग त्याला फडक्यात गुंडाळून लोणच्याच्या बरण्यांमागे ठेवून दिलं. वकिलाची बायको होती ती.

पटाचा कॅमशाफ्ट आत बसला. पहिल्या सकाळी आम्ही बडनेऱ्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा धुकं होतं आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सुरुवातीला टोळ खोकला, अडखळला, जागेवर उभा असताना तर तापकरी माणसासारखा थरथरायचा. पण एकदा वेग आला आणि त्याचा आवाजच बदलला. कानात वारं शिरलं, डोळ्यांतून पाणी आलं, पुंडलिक मागे अवजारांच्या पेटीवर उभा राहून "हुर्रर्र" करून ओरडत होता. रस्त्याकडेच्या कापसाच्या पऱ्हाट्या नुसत्या पांढऱ्या रेघा होऊन मागे गेल्या. मी पंचविशीही न गाठलेला, आणि मला वाटलं, कोटाचं काय घेऊन बसलात, आता मला कुणी धरू शकत नाही. त्या सकाळचा तो आनंद खरा होता. पुढे जे झालं त्यानं तो खोटा ठरला असं मी कधी मानलं नाही.

पुढे मूर्तिजापूर आलं. आणि कापूस आला.

हंगामात मूर्तिजापूरच्या रस्त्यावर काय असतं हे आम्हांला काय माहीत नव्हतं? जन्म गेला होता आमचा त्या रस्त्यांवर. दर्यापूरकडून, कारंज्याकडून, जिकडून तिकडून कापसानं शीग लावून भरलेल्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, जिनिंगकडे निघालेल्या. एकामागे एक, बैलाच्या चालीनं. पुढे जायला जागा नाही, बाजूला काळ्या मातीची खोल चाकोरी. आम्ही त्या रांगेत शिरलो आणि टोळाचा जीव घाबरा झाला. वेग नसला की पटाच्या कॅमशाफ्टला श्वासच घेता येत नव्हता. झडपा इतका वेळ उघड्या राहायच्या की हळू चालीत आत आलेली हवा तशीच मागे परतायची. मी ऍक्सिलरेटर दाबला की गाडी पुढच्या बंडीत घुसायला बघायची, सोडला की बंद पडायची. गावाबाहेर एका नाल्यावर रपटा आहे. खाली उतरायचं आणि लगेच पलीकडचा चढ. त्या चढावर रांग थांबली, टोळ गचका खाऊन बंद पडला, रेडिएटरमधून वाफ निघाली, आणि मग काही केल्या तो चालूच होईना.

आमच्या मागच्या बंडीचा म्हातारा धुरकरी खाली उतरला. डोक्याला पांढरं पागोटं, तोंडात विडी. त्यानं टोळाभोवती एक फेरी मारली.

"काय खाते हे?"

"पेट्रोल," मी म्हणालो.

"कडबा टाकून पायला काय?"

सगळी रांग हसली. शेवटी त्यानंच आपले बैल सोडून टोळाला दोर बांधला आणि आम्हांला वर ओढून काढलं. बैलांनी ओढलेल्या मोटारीत बसून मी रपटा चढलो. पटाच्या खानदानातला पुंडलिक शेजारून चालत होता आणि मान वर करत नव्हता.

मालट्रकवर घालून टोळ घरी आणला त्या संध्याकाळी मी जेवलो नाही. नाना ओट्यावर आले. मला वाटलं, टोमणा मारतील. ते माझ्या शेजारी बसले आणि पक्षकाराला विचारतात तशा कोरड्या आवाजात त्यांनी विचारलं, "काय झालं ते पहिल्यापासून सांग." मी सांगितलं. पुंडलिकनं मधे मधे भर घातली. बडनेऱ्याच्या रस्त्यावर गाडी कशी उडाली तेही सांगितलं.

नाना म्हणाले, "मला यंत्रातलं काही कळत नाही. पण तुम्ही दावा भलत्या कोर्टात लावून राहिले. आधी हद्द बघायची असते. ही गाडी धावणार कुठे?"

"रस्त्यावर."

"कुठल्या? मोकळ्या? वऱ्हाडात, हंगामात, मोकळा रस्ता तुला कुणी दिला?"

पुंडलिक एकदम उठून उभा राहिला. "वश्या," तो म्हणाला, "आमी बयताड हाओत बे. पटाचा बैल कोणी बंडीले जुपते काय? आन् आपली गाडी तं किती हलकी! तिले एवढी ताकद लागतेच कायले?"

खरं म्हणजे सगळं त्याच वाक्यात होतं. जड गाडीला जोर लागतो. आमच्या टोळाचं वजन ते काय, त्याला हवा होता तो हळू चालीत न तुटणारा श्वास, आणि मोकळं मिळालं तर थोडी हौस. आम्ही बैलबाजारात बसावं तसे बसलो होतो आणि नुसती वशिंडं पाहिली होती. आमच्याकडे माणूस बैल पारखतो आणि त्याच नजरेनं पुढे सगळंच पारखायला लागतो, जावईसुद्धा. मी आत गेलो. आई आधीच फडकं सोडून उभी होती. मेमसाहेबाचा कॅमशाफ्ट तिळाच्या तेलानं चकचकत होता आणि त्याला लोणच्याच्या मसाल्याचा मंद वास होता.

दुसऱ्या दिवशी उन्हात अंगणात बसून आम्ही इंजिन पुन्हा उघडलं. रेडिएटर काढला, पुढचं झाकण काढलं, पटाचा कॅमशाफ्ट बाहेर ओढला. मेमसाहेबाचा आत सरकवताना पुंडलिकनं त्याला हात जोडले. खुणा जुळवल्या, झडपांच्या फटी पुन्हा पुन्हा तपासल्या. इंजिन सुरू केलं आणि टोळ जागच्या जागी शांतपणे डुगडुगू लागला. आईनं बॉनेटवर पाण्याचा पेला आणून ठेवला. पाणी हललं, पण सांडलं नाही. ती आत गेली आणि मी तिचं गुणगुणणं ऐकलं.

तारखेच्या दिवशी नाना काळा कोट, काळी टोपी घालून टोळात बसले. मांडीवर कागदांची पिशवी. पुंडलिक मागे पेटीवर. कुठे अडलंच तर उडी मारून ढकलायचं, हे त्याचं काम ठरलेलं. बडनेऱ्याला आलो तेव्हा अकोल्याकडे जाणारी पॅसेंजर स्टेशनात उभी होती, तिचा धूर झाडांवरून दिसत होता. मी गाडी थांबवली. नानांना अजून उतरता आलं असतं. त्यांनी त्या धुराकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग माझ्याकडे.

"थांबलास कशाला? चल."

मूर्तिजापूरला रांग होतीच. उलट त्या दिवशी जास्तच होती. शकुंतला, आमची ती छोटी आगगाडी, शिट्टी देऊन आपली यवतमाळकडे निघून गेली आणि आम्ही बंड्यांच्या मागे बैलाच्या पावलानं चाललो. टोळाचं नाक पुढच्या बंडीच्या कापसाला लागायचं तेवढं बाकी होतं. वाऱ्यानं रुई उडायची आणि नानांच्या टोपीवर बसायची. ते झटकत नव्हते. आणि मग तोच रपटा आला. आम्ही खाली उतरलो आणि वरच्या चढावर एका बंडीचा बैल बसला. सगळी रांग थांबली. आम्ही नेमके तळाशी, पुढे चढ, चाकांखालून पाणी वाहतंय. नानांनी घड्याळ काढलं, पाहिलं, परत खिशात घातलं. माझे कान, माझा जीव, सगळं त्या इंजिनात होतं. डुग डुग डुग डुग. एकदाही चुकलं नाही. मला त्या क्षणी रडू येईल असं वाटलं, आणि ते दुःखाचं नव्हतं.

बैल उठला. रांग हलली. मी क्लच हलकेच सोडला आणि ऍक्सिलरेटरवर नुसता पाय टेकवला. टोळ चढू लागला. बंडीमागे, बंडीच्याच चालीनं, मुंगीनं साखरेचा दाणा वर न्यावा तसा. मागून पुंडलिक उडी मारून उतरला होता, पण ढकलायला काही उरलंच नाही. मग तो हात मागे बांधून, लग्नात व्याही चालतो तसा, डुलत डुलत शेजारून चालत वर आला.

चढाच्या टोकाला समोरून रिकामी बंडी येत होती. तेच पागोटं, तीच विडी. त्यानं आम्हांला ओळखलं आणि बैल थांबवले.

"काहो! आज बैल नाई लागत काय?"

पुंडलिक छाती काढून ओरडला, "नाई लागत, काका! आज तुमचेच बैल मांगं रायतीन!"

म्हातारा विडी काढून हसला. "आता कडबा पचला वाट्टे!" आणि नाना हसले. मी त्यांना कोर्टाबाहेर असं हसताना फार कमी पाहिलं आहे. पोट हलेपर्यंत, टोपीवरची रुई उडेपर्यंत हसले.

मूर्तिजापूर मागे पडलं, बंड्या संपल्या, आणि बोरगावच्या अलीकडे रस्ता मोकळा झाला. मी टोळाला मोकळं सोडलं. मेमसाहेबाच्या कॅमशाफ्टलाही हौस होतीच की! पटाच्या कॅमशाफ्टसारखा आरडाओरडा नाही, पण लांब, सलग, मनापासूनचा वेग. दोन्हीकडे तुरीची पिवळी शेतं, ऊन अंगावर, नानांचा एक हात टोपीवर आणि एक माझ्या खांद्यावर. खांद्यावरचा हात त्यांनी अकोल्याच्या पहिल्या घरापर्यंत काढला नाही.

कोर्टाच्या आवारात मी टोळ उभा केला तेव्हा पुकारा व्हायचा होता. व्हरांड्यात वकील मंडळी उभी होती. त्यातल्या एकानं विचारलं, "नाना, आज इतक्या लवकर? पॅसेंजर तर आज लेट आहे, अजून आली नाही."

नाना कोटावरची रुई न झटकताच पायऱ्या चढले. "पॅसेंजरनं नाही आलो," ते म्हणाले. "माझ्या मुलाच्या मोटारीनं आलो."

सांगाडा नाही म्हणाले. मी आणि पुंडलिकनं एकमेकांकडे पाहिलं. पुंडलिकनं माझ्या पाठीत अशी थाप मारली की ती थंडीत अजून दुखते, आणि दुखली की बरं वाटतं.

तो कोट पुढे नानांनीच वापरला. "माझा विटला आहे, तुझा नवा आहे," म्हणाले. बाह्या त्यांना बोटभर लांब व्हायच्या, त्या त्यांनी कधी कापून घेतल्या नाहीत. पुंडलिकनं वलगावचं शेतही सांभाळलं आणि दर हंगामात माझ्याकडे येऊन इंजिनंही उघडली. पटाचा कॅमशाफ्ट त्याच्या बैठकीत भिंतीवर आहे, खाली विजेत्या जोडीचा फोटो. मी गॅरेज टाकलं ते अकोल्यात, जिनिंगच्या रस्त्यावर. कुणी तरुण पोरगा गाडी घेऊन आला आणि म्हणाला, काका, हिला जोरात पळवायची आहे, तर मी त्याला आधी नानांचा प्रश्न विचारतो. कुठे पळवणार? मग मी त्याला खुर्ची देतो आणि रस्त्यावरची रांग दाखवतो.

पण त्या दिवशीचं राहिलं. नाना आत गेले आणि थोड्याच वेळात बाहेर आले. इतक्या लवकर बघून मी घाबरलो.

"काय झालं?"

"समोरच्यांचा साक्षीदार आजारी आहे. तारीख पडली."

एवढा सगळा आटापिटा, आणि तारीख! नाना पिशवी पुंडलिकच्या हातात देऊन टोळात बसले, टोपी नीट केली.

"माझ्या दाव्याची तारीख पडली," ते म्हणाले. "तुझा निकाल लागला."

मी इंजिन सुरू केलं. व्हरांड्यातले वकील कठड्यापाशी गोळा झाले होते. बाहेर कापसाचा बाजार भरला होता, रस्ताभर बंड्या. मी घाईघाईनं मोकळी गल्ली शोधू लागलो, तेवढ्यात नानांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"बाजारातूनच ने. आणि हळू घे, वसंता. लोकांना पाहू दे."